जादूच्या शाळेतल्या गाळलेल्या जागा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे ‘शाळेची वाटचाल’ या विषयावर लेख मागितला होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते काम आमच्याकडे येणे स्वाभाविक होते. परंतु लेखनाला बसलो तेव्हा आपल्या शाळेच्या आधी एक दुसरीच शाळा डोळ्यांपुढे उभी राहू लागली. ती निवासी आहे, डोंगरदऱ्यांत आहे, गाडीने उतरून पुढे बराच प्रवास केल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही, आणि पहिल्या दिवशी आलेली मुले रात्री घराच्या आठवणीने कूस बदलत राहतात. एवढ्या बाबतीत ती आपल्यासारखीच. फरक इतकाच की ती शाळा कोणत्याही नकाशात नाही. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेने ती कागदावर उभी केली. 1997 ते 2007 या काळात सात भागांत तिची कथा पुरी झाली आणि ‘हॅरी पॉटर’ या नावाने ती मराठीतही आली.

आपल्या ग्रंथालयात ही पुस्तके एका भेटीच्या खोक्यातून आली. सातांपैकी तीनच होती, तीही सलग नव्हती. मुलांनी ती इतकी वाचली की वर्षाच्या आत एकाची बांधणी सुटली आणि दुसरे चौथीच्या मुलांच्या उशीखाली सापडले. उरलेले भाग पुढे आम्ही दिवाळीच्या सुटीत स्वतः घेऊन आलो.

त्यावर पालकसभेत एका धम्मबंधूंनी आक्षेप घेतला होता, तो येथे नोंदवला पाहिजे. बुद्धाने चमत्कार नाकारले, बाबासाहेबांनी आपल्याला विवेक शिकवला, आणि आपल्याच शाळेत मुले जादूची पुस्तके वाचतात हे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. आपल्या भागात आजही मूल तापाने फणफणले की काही घरांत आधी भगताकडे आणि मग दवाखान्यात नेतात. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो आम्ही वर्गात शिकवतो. आम्ही त्यांना म्हणालो, “भाऊ, मुलांना ठाऊक आहे की झाडू उडत नाही. ते पुस्तक एका शाळेचे आहे, आणि शाळेत राहणाऱ्या मुलांना दुसऱ्या शाळेत काय चालते याची उत्सुकता असते.” त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. पण पुढच्या सभेला आले तेव्हा त्यांनी नातीसाठी पहिला भाग मागून नेला.

जुलै महिना होता. जव्हारचा पाऊस वाचकांना सांगायला नको. विजेचा पत्ता नव्हता, दोन शिक्षक घाटात अडकलेले, आणि सहावी-सातवीचे वर्ग एकत्र करून आमच्या पदरात पडलेले. आम्ही मुलांना म्हणालो, “त्या जादूच्या शाळेचे वेळापत्रक फळ्यावर लिहा.” ते त्यांना तोंडपाठ होते. रूपांतर, मंत्र, काढे व रसायने, वनस्पती, आकाशनिरीक्षण, काळ्या जादूपासून संरक्षण आणि जादूचा इतिहास. तिसऱ्या वर्षापासून काही ऐच्छिक विषय. मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला. परीक्षेत तुम्हाला ‘गाळलेल्या जागा भरा’ असतो ना, मग या वेळापत्रकात गाळलेल्या जागा कोणत्या?

दोन मिनिटे शांतता, आणि मग जो गलका उठला तो पावसापेक्षा मोठा होता. भाषा नाही! गणित आहे, पण तेही ऐच्छिक आणि भविष्य सांगण्यापुरते! चित्रकला नाही, गाणे नाही. (वारली मुलांचा वर्ग, चित्रकला नसलेली शाळा ही त्यांना शिक्षाच वाटली.) अकरा वर्षांपर्यंत शाळाच नाही, म्हणजे तिथे अंगणवाडीही नाही! एकाने विचारले, “सर, ती टोपी डोक्यावर ठेवून कोण कोणत्या गटात ते ठरवतात, मग एका घरातली सगळी भावंडे एकाच गटात कशी?” आम्ही उत्तर दिले नाही. असा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलाला आपसूक पडावा, याच्यापुढे आमचे उत्तर ते काय असणार!

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे हेही सांगितले होते: मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांचे जुजबी ज्ञान, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्य. आम्ही हे फळ्यावर त्या वेळापत्रकाशेजारी लिहिले. मुलांनी दोन्हींची तुलना केली आणि ‘आरोग्य’ या शब्दाखाली रेघ मारली, कारण तिथे मोडलेले हाड क्षणात जोडून देणारी परिचारिका आहे, पण हाड का मोडते हे कोणी शिकवत नाही.

ऐच्छिक विषयांत एक विषय आहे, जादू नसलेल्या माणसांचा अभ्यास. जगात बहुसंख्य माणसे तीच, परंतु त्यांच्याविषयी शिकणे ऐच्छिक. कुलीन घरातला मुलगा त्यांच्याविषयी एक अक्षर न शिकता उत्तीर्ण होतो आणि मंत्रालयात नोकरीला लागतो. तिथे त्या सामान्य माणसांच्या वस्तूंशी संबंधित खात्यात एक अधिकारी आहेत, मनाने अतिशय चांगले, पण त्यांना विजेचे नावही नीट उच्चारता येत नाही. मुले या अधिकाऱ्यांना फार हसतात. आम्हाला मात्र हसू येत नाही. आम्ही मराठवाड्यातून या डोंगरात आलो तेव्हा पहिले वर्षभर शेतात उभी असलेली नागली कोणती आणि वरई कोणती हे आम्हाला ओळखता येत नव्हते. वर्गातल्या मुलांची बोली कानांवर पडे, तिला आम्ही ‘अशुद्ध मराठी’ म्हणत असू. तोही एक ऐच्छिक विषयच होता आणि आम्ही तो घेतलेला नव्हता.

आता आमच्या विषयाकडे येतो. त्या शाळेत इतिहास शिकवणारे प्राध्यापक बिन्स हे भूत आहेत. एके दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत शेकोटीपुढे झोपले, सकाळी उठून तासाला गेले आणि देह आरामखुर्चीतच राहून गेला. त्यांना स्वतःला त्याने काही फरक पडला नाही. एकसुरी आवाजात ते गॉब्लिनांची बंडे आणि राक्षसांची युद्धे सांगत राहतात आणि वर्ग झोपतो. मुलांनी हा प्रसंग वाचून दाखवला तेव्हा आमच्याकडे चोरून पाहिले. पाहावे. सनावळ्या सांगताना आमचाही देह कितीदा खुर्चीत राहिला असेल!

पण बिन्स कंटाळवाणे आहेत हा त्यांचा मोठा दोष नव्हे. गॉब्लिन ही त्या जगातली कारागीर जमात. धातूचे काम त्यांचे, पेढी त्यांची, मात्र जादूची कांडी बाळगण्याचा अधिकार कायद्याने मानवेतरांना नाही. त्यांच्या बंडांची नावे आणि साले मुलांनी वर्षानुवर्षे पाठ केली. परंतु सातव्या भागात एका गॉब्लिनशी प्रत्यक्ष व्यवहार करायची वेळ येते तेव्हा हॅरीला गॉब्लिन काय मानतात याचा पत्ताच नसतो. गॉब्लिनांच्या मते वस्तूचा खरा मालक ती घडवणारा. पैसे देणाऱ्याने ती आयुष्यभरासाठी भाड्याने घेतलेली असते. तो मेला की ती घडवणाऱ्याकडे परत यायला हवी. सारी बंडे ज्या समजुतीवर उभी होती ती पुस्तकात नव्हतीच. हर्मायनी ही वर्गातली सर्वांत अभ्यासू मुलगी. आपल्या लोकांनी इतर जमातींवर जे केले त्यावरून आपला इतिहास बऱ्याचदा अलगद सरकून जातो, हे तिला मान्य करावे लागते.

हे वाचताना आम्हाला डहाणू-तलासरीकडचा वारल्यांचा लढा आठवला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा काळ लिहून ठेवला आहे. आम्ही तारीख शिकवतो. पण जमिनीचा आणि जंगलाचा मालक कोण, या प्रश्नावर वारली माणूस काय मानत होता, वेठ म्हणजे नेमके काय, लग्नापुरते कर्ज घेऊन जोडपे सावकाराच्या दारी कसे अडकत होते, हे शिकवल्याशिवाय ती तारीख गॉब्लिनांच्या बंडासारखीच होते. 2006 सालच्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. आमच्या विषयाचे नाव तिथे अन्यायाला जोडून आले आहे. कायदा तिथवर पोहोचला, आमचे टिपण पोहोचले नाही.

तास संपत आला होता. इतका वेळ गप्प असलेली, मागच्या बाकावरची सातवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि सुटीत घरी गेली की लहान भावांचे जेवण तीच रांधते. तिने विचारले, “सर, तिथे रांधते कोण?”

वाचकांपैकी ज्यांनी ही पुस्तके वाचली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. त्या शाळेच्या भोजनगृहात मुले बसली की सोन्याच्या ताटांत अन्न आपोआप प्रकट होते आणि जेवण झाले की ताटे आपोआप लख्ख होतात. तीन भागांपर्यंत हॅरीला प्रश्न पडत नाही. चौथ्या भागात कळते की खाली तळघरात शंभराहून अधिक हाउस-एल्फ राबतात. हे ठेंगणे जीव पिढीजात घरगडी आहेत. त्यांना वेतन नाही, सुटी नाही, अंगावर धड कपडा नाही, आणि धन्याने वस्त्र दिले तरच सुटका. दिसू नये हेच चांगल्या एल्फचे लक्षण! हर्मायनी ज्या ग्रंथाचा उठता-बसता दाखला देते तो शाळेचा इतिहास हजारावर पानांचा आहे, आणि त्यात या शंभर जणांचा उल्लेख एकदाही नाही. ती संतापते, घास खाली ठेवते.

आम्ही मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे पुस्तकात आहे, पण त्यांच्या पुस्तकात नाही.” आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत इतिहासलेखनावर याहून नेमके वाक्य आम्ही ऐकले नव्हते.

हर्मायनी पुढे एल्फांसाठी संघटना काढते, वर्गणी गोळा करते, बिल्ले करते. तिच्या तळमळीबद्दल शंका नाही. परंतु सभासद सगळे धनीवर्गातले, आणि एल्फांना विचारलेलेही नाही. त्यांना नकळत मुक्ती मिळावी म्हणून ती विणलेल्या टोप्या लपवून ठेवते, तेव्हा ते अपमानित होऊन त्या खोलीची सफाईच सोडून देतात. हे आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. अस्पृश्यांच्या सेवेसाठी 1932 साली जो संघ निघाला त्याचा कारभार स्पृश्यांच्याच हाती राहिला, म्हणून बाबासाहेब त्यापासून दूर झाले. उलट डॉबी नावाचा मुक्त झालेला एल्फ स्वतः वेतन मागतो. मुख्याध्यापक आठवड्याला दहा मोहरा आणि शनिवार-रविवारची सुटी देऊ करतात. डॉबी घासाघीस करून ते एका मोहरेवर आणि महिन्यातून एका सुटीवर खाली आणतो! मुले यावर खदखदून हसली. डॉबीला स्वातंत्र्य मिळाले आणि स्वतःची किंमत मात्र तो जुन्याच मापाने करत राहिला, हे त्यांना समजावायला आम्हाला पुढचा तासही लागला.

येथे आपल्या घरातलेही एक सांगितले पाहिजे. आपण दरवर्षी मुलांना नालंदा अभिमानाने शिकवतो. ह्युएन त्संगाच्या चरित्रात नोंद आहे की राजाने शंभर गावांचा महसूल नालंदेला लावून दिला होता आणि त्या गावांतली दोनशे कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी, दूध पोहोचवत. आचार्यांची नावे आम्ही घडाघडा सांगतो. ते तांदूळ कोणी कांडले आणि कोणी शिजवले, हे मात्र आम्ही आजवर एकाही विद्यार्थ्याला विचारलेले नव्हते. दोनशे हा आकडा तरी उरला आहे, तोही आम्ही सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सातवीची मुले वही-पेन घेऊन आपल्या स्वयंपाकघरात गेली. ‘आपल्या मावशींना दहा प्रश्न’ असा उपक्रम आम्ही दिला होता. कधीपासून काम करता, किती किलो तांदूळ लागतो, पहिल्यांदा चूल होती की गॅस, असे साधे प्रश्न होते. आम्ही दारात उभे होतो. सर्वांत जुन्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. त्या दिवशी नागलीच्या भाकऱ्या होत्या. एका मुलाने यादीत नसलेला प्रश्न विचारला, “मावशी, तुला मुले किती?”

मावशींनी सांगितले, तीन आहेत, दोन त्या साली गेली.

वांगणी म्हटले की मुंबईकडच्या माणसांना बदलापूरपुढचे रेल्वे स्टेशन आठवते. या डोंगरात मात्र वावर-वांगणी हे जोडनाव उच्चारले की जुनी माणसे क्षणभर थांबतात. 1992-93 साली या भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यातून जडलेल्या आजारांनी दगावली. मुंबईपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर हे घडले. वर्तमानपत्रे भरून गेली, मंत्री आले, योजना आल्या. आम्ही आजवर जी क्रमिक पुस्तके शिकवली त्यांपैकी एकातही हे नाव नाही. पुस्तकावर तरी काय बोलावे! त्या साली आम्ही स्वतः मराठवाड्यात एम.ए.च्या वर्गात होतो. नामांतराच्या लढ्याने आम्हा पोरांचे रक्त तापलेले होते, फ्रान्समधल्या दुष्काळावर आणि पावाच्या भावावर आम्ही पाने भरून निबंध लिहिले. पाव महागला म्हणून व्हर्सायवर चालून गेलेल्या बायका आम्हाला ठाऊक होत्या. वावर-वांगणी हे नाव आम्ही पहिल्यांदा वाचले ते इथे नेमणुकीचे पत्र हातात पडल्यानंतर.

मावशींचा हात थांबला नव्हता. पाऊस लागून राहिला होता, वाट बंद होती, घरात कणगी रिकामी. आधी तीन वर्षांचा मुलगा गेला, आठ दिवसांनी लहानगी. मुलांनी नावे विचारली, त्यांनी सांगितली. दोन वह्यांत ती नावे उतरली. मग मावशींनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सर, नावे कागदावर नका घालू. त्या साली लई लोकांनी नावे लिहून नेली.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. इतिहासाचा शिक्षक नावे मागतो. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ती लिहून काढणे हेच आमचे काम, असे आम्ही आयुष्यभर मानत आलो. ‘दि अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तुटलेल्या दुव्यांचा विचार केला आहे. पुरावा नसेल तिथे इतिहासकाराने हातावर हात ठेवून बसू नये, असे ते सांगतात. पण इथे पुरावा नव्हता असे नाही. नावे घेणारे आले होते, कागद भरले गेले होते, छायाचित्रे निघाली होती, आणि त्यातले काहीच मावशींकडे परत आले नव्हते. जागा गाळलेली नव्हती. ती भरून कोणीतरी उत्तरपत्रिका घेऊन गेले होते.

त्या वर्षीच्या भित्तिपत्रकात मुलांनी ‘आमचे स्वयंपाकघर’ असा लेख लावला. तांदळाचे किलो, चुलीपासून गॅसपर्यंतचा प्रवास, भाकरी थापताना मावशी गुणगुणतात ते गाणे, असे सारे त्यात आहे. 1992 सालाबद्दल एकच वाक्य आहे: त्या साली आमच्या मावशींची दोन मुले उपासमारीने गेली. शाळेच्या कामाशी निगडित एका ज्येष्ठ गृहस्थांनी ते वाचून सुचवले की पाहुणे येणार आहेत, हे वाक्य काढले तर बरे. आम्ही मुलांवर सोपवले. त्यांनी मावशींना विचारले. मावशी म्हणाल्या, राहू द्या. ते राहिले.

आता या स्मरणिकेकडे वळतो, म्हणजे संपादक मंडळाचा विषय सुटला असे होणार नाही. आमच्या लेखासाठी म्हणून आम्ही शाळेची जुनी दप्तरे काढली. संस्थापकांची, देणगीदारांची, मुख्याध्यापकांची आणि शिक्षकांची नावे सनावार मिळाली, ती या अंकात पुढे छापली आहेत. स्वयंपाकी आणि कामाठी यांची नावे हजेरीपटात फार उशिरा दिसू लागतात. त्याआधी व्हाउचरे आहेत. ‘स्वयंपाकाची मजुरी’ असे शब्द, रक्कम, आणि खाली अंगठा. नाव नाही. कित्येक व्हाउचरांवरचा अंगठा पिठाने किंवा हळदीने पुसट झालेला आहे. मोजले तर किमान चार निरनिराळे अंगठे दिसतात. आम्ही ठसेतज्ज्ञ नाही, चूक असू शकेल.

म्हणून सर्व माजी विद्यार्थ्यांना, विशेषतः पहिल्या काही तुकड्यांतल्या, विनंती आहे. तुम्हाला ज्यांनी वाढले त्यांच्यापैकी कोणाचे नाव, पाडा, त्यांच्या मुलाबाळांचा ठावठिकाणा आठवत असेल तर शाळेच्या पत्त्यावर कळवावे. पूर्ण नाव आठवत नसेल तर ज्या नावाने हाक मारत होतात ते चालेल. त्या हयात असतील तर नाव छापायला त्यांची हरकत नाही ना, हेही विचारून घ्यावे, आणि हरकत असेल तर तसे लिहावे. पुढच्या अंकात ती यादी देण्याचा विचार आहे. मावशींच्या दोन मुलांची नावे असलेल्या त्या दोन वह्या आम्ही मुलांकडेच ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक मुलगी यंदा दहावीला आहे. इतिहासाच्या तासाला ती अजून मागच्याच बाकावर बसते.